तुमचं रिटर्न कुठल्या फॉर्ममध्ये बसतं?



मागच्या महिन्यात एका ग्रामसंघाची बैठक संपली, सगळ्या उठल्या, तरी एक ताई बसूनच राहिल्या. पिशवीतून घडी घातलेला कागद काढून त्यांनी माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "मॅडम, बँकेने सांगितलं की हे रिटर्न चालत नाही. मी तर पैसे देऊन भरून घेतलंय."

या ताई बीसी सखी आहेत. गावात मशीन घेऊन फिरतात, पैसे काढून देतात, भरून घेतात, आणि त्याचं कमिशन त्यांच्या खात्यावर येतं. आर्थिक वर्ष २०२३-२४ मध्ये त्यांना ९६ हजार रुपये कमिशन मिळालं आणि त्यातून ५ टक्क्यांनी ४,८०० रुपये टीडीएस कापला गेला. उत्पन्न एवढं कमी की कर लागायचा प्रश्नच नव्हता. म्हणजे ते ४,८०० रुपये त्यांना परत मिळायला हवे होते. त्यासाठीच त्यांनी तालुक्याच्या गावी एका दुकानात जाऊन रिटर्न भरून घेतलं.

दुकानदाराने 'सहज' म्हणजे आयटीआर-१ भरला. कमिशनच्या उत्पन्नाला तो फॉर्म चालत नाही. आयकर विभागाची नोटीस आली की विवरणपत्र सदोष आहे, १५ दिवसांत दुरुस्त करा. पण ती आली दुकानदाराच्या ईमेलवर, कारण पोर्टलवर ईमेल त्याचाच टाकलेला होता. ताईंना पत्ता नाही. १५ दिवस गेले, रिटर्न अवैध ठरलं. रिफंड तर गेलाच, वर दुकानासाठी कर्ज मागायला गेल्यावर बँकेने तेच रिटर्न परत केलं.

दुकानदाराला नावं ठेवणं सोपं आहे. पण गेल्या वर्षीच्या प्रशिक्षणात फळ्यावर मीच लिहिलं होतं, "आपल्या महिलांसाठी सहज (आयटीआर-१)". तेव्हा मला वाटलं होतं की नावातच सहज आहे, म्हणजे आपल्यासाठीच असणार. ते चूक होतं. ज्यांनी वहीत ते वाक्य उतरवून घेतलं असेल त्यांनी कृपया त्यावर रेघ मारावी आणि हा धडा गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचावा.

आधी ठरवा, भरायचं का?

आपण ज्या वर्षाचं बोलतोय ते आर्थिक वर्ष २०२४-२५, म्हणजे १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५. पोर्टलवर मात्र "कर निर्धारण वर्ष" विचारतात, ते २०२५-२६. कमाईचं वर्ष आधीचं आणि हिशेबाचं वर्ष पुढचं, एवढं लक्षात ठेवा. इथेच खूप जणी गडबडतात आणि चुकीचं वर्ष निवडतात.

या वर्षासाठी नव्या कर पद्धतीत करमुक्त मर्यादा ३ लाख रुपये आहे. ७ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो, पण रिटर्न भरण्याचं बंधन ३ लाखांपासूनच सुरू होतं. "कर लागत नाही म्हणजे रिटर्न पण नको" हे म्हणून बरोबर नाही. टीव्हीवर १२ लाखांचं जे ऐकलंत ते पुढच्या वर्षाचं, म्हणजे १ एप्रिल २०२५ नंतरच्या कमाईचं आहे. या रिटर्नला ते लागू नाही.

आपल्यातल्या बहुतेक जणींचं उत्पन्न ३ लाखांच्या आत आहे. त्यांच्यावर साधारणपणे बंधन नाही. (वर्षात २५ हजार किंवा जास्त टीडीएस कापला गेला असेल तर मात्र बंधन आहे. साठीच्या पुढच्या बायकांसाठी हा आकडा ५० हजार.) तरीही भरावं अशी दोन खरी कारणं आहेत. एक, कापलेला टीडीएस परत मिळवायला दुसरा रस्ता नाही. दोन, कर्ज. बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते आणि ती ऐनवेळी तयार करता येत नाहीत, कारण एका वर्षाचं नेहमीचं रिटर्न भरायची दारं त्या त्या वर्षी ३१ डिसेंबरला बंद होतात. टीडीएस नाही, कर्ज घ्यायचं नाही, उत्पन्न मर्यादेच्या आत आहे, तर कुणी कितीही आग्रह केला तरी रिटर्न भरायची गरज नाही. दुकानाबाहेर "सर्व महिलांनी आयटीआर भरा" असा बोर्ड असला तरी नाही.

आता पैसा मोजताना आपण जी चूक करतो ती बघू. विक्री म्हणजे उत्पन्न नाही. पापड-मसाल्याची वर्षाची विक्री ४ लाख झाली म्हणून उत्पन्न ४ लाख होत नाही. डाळ, तेल, मजुरी, पॅकिंग, गाडीभाडं सगळं जाऊन हातात राहिलं ते उत्पन्न. गटातून किंवा बँकेतून घेतलेलं कर्ज हे उत्पन्न नाही, ते फेडायचंय. गटाच्या खात्यातली बचत आणि त्याचं व्याज गटाचं, तुमचं नाही. गटाचा पॅन वेगळा, तुमचा वेगळा.

फॉर्म चार, पण लक्षात ठेवायचं एकच वाक्य

आयटीआरचे एकूण सात फॉर्म आहेत, त्यातले चार आपल्यासारख्या व्यक्तींसाठी. आयटीआर-१ ला सहज म्हणतात, आयटीआर-४ ला सुगम. आयटीआर-२ आणि आयटीआर-३ ला काही गोड नाव नाही, त्यामुळे लोक त्यांना घाबरतात.

पहिला प्रश्न स्वतःला विचारा. माझी काही कमाई धंद्याची किंवा कमिशनची आहे का? शिलाई, पापड, दूध, कोंबड्या, शेळ्या, किराणा दुकान, डबे, ब्युटी पार्लर, हे सगळं धंदा. कमाई नुसती पगाराची, पेन्शनची, नवऱ्याच्या मागे मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तीवेतनाची किंवा ठेवीच्या व्याजाची असेल तर धंदा नाही. धंदा नसेल तर सुरुवात सहजपासून. धंदा असेल तर सुरुवात सुगमपासून.

मग दुसरा प्रश्न. हा साधा फॉर्म अडवणारं काही माझ्याकडे आहे का? आणि इथे ते वाक्य येतं: सहज अडला की दोन, सुगम अडला की तीन. बाकी काही आठवलं नाही तरी चालेल.

अडवणाऱ्या गोष्टी शहरातल्या बायकांसाठी लिहिलेल्या माहितीत तुम्हाला सापडणार नाहीत, कारण त्या आपल्याच गावात जास्त भेटतात. म्हणून त्यांच्याकडे जरा सावकाश बघू.

सातबारा

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे सगळ्यांना वाटतं की ते रिटर्नमध्ये लिहायचंच नाही. पण सहज आणि सुगम हे दोन्ही फॉर्म शेतीचं उत्पन्न वर्षाला ५ हजार रुपयांपर्यंत असेल तरच चालतात. ५ हजार! एक एकर सोयाबीनमध्येसुद्धा बरं वर्ष असेल तर त्याहून जास्त राहतं. कर नसला तरी हा आकडा विचारतात. कारण बाकीची कमाई करमुक्त मर्यादेच्या वर गेली तर कराचा दर ठरवताना शेतीचं उत्पन्न हिशेबात धरतात.

शेत कुणाच्या नावावर आहे ते मात्र बघा. जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असेल आणि तुम्ही त्यात राबत असाल, तर कायद्याच्या हिशेबाने ते उत्पन्न त्यांचं. (राबणारीचं नाव कुठेच येत नाही, हे मला दर वेळी शिकवताना टोचतं, पण फॉर्म भरताना असंच धरावं लागतं.) ज्यांचं नाव लक्ष्मीमुक्तीत किंवा वारसाने सातबाऱ्यावर लागलंय, त्यांनी आपल्या हिश्शाचं उत्पन्न स्वतःचं धरायचं. खर्च वजा करून ते ५ हजारांच्या वर गेलं तर सहज नाही, सुगम नाही.

दूध, अंडी, शेळ्या हे शेतीचं उत्पन्न नाही. घरात आपण त्याला शेतीचा जोडधंदा म्हणतो, पण आयकरात तो धंदाच. रोपवाटिकेतल्या रोपांची विक्री मात्र शेतीत मोजतात. हे उलटसुलट वाटेल, पण नियम तसा आहे.

उत्पादक कंपनीचा शेअर

ही अट मला यंदाच नीट कळली. आपल्या भागातल्या कितीतरी जणींनी शेतकरी उत्पादक कंपनीचे शेअर घेतले आहेत. ५०० रुपये, हजार रुपये भरले, पावती मिळाली, विसरून गेलो. ही कंपनी कंपनी कायद्याखाली नोंदलेली असते आणि तिचे शेअर शेअर बाजारात नसतात. असा एक शेअर जरी वर्षात कधीही तुमच्या नावावर असला तरी सहज आणि सुगम दोन्ही बंद. दहा रुपयांचा एक शेअर असला तरी तेच. आणि तुम्ही त्या कंपनीच्या संचालक असाल तर तेही तेवढंच अडवतं. एक रुपया मानधन मिळत नसलं तरी.

मी हे एका बैठकीत सांगितल्यावर एक संचालक ताई म्हणाल्या, "आम्हाला सही करायला बोलावतात तेवढंच, आम्ही कसल्या डायरेक्टर!" पण कागदावर नाव आहे म्हणजे आहे. त्यांना आयटीआर-२ किंवा ३ मध्ये कंपनीचं नाव, आपला संचालक क्रमांक (डीआयएन) आणि किती शेअर किती रुपयांना घेतले हे लिहावं लागतं. माहिती कंपनीच्या कार्यालयातून मिळते, मागून घ्या.

सहकारी पतसंस्थेचा किंवा सहकारी बँकेचा भाग म्हणजे शेअर यात येत नाही. ती संस्था कंपनी कायद्याखाली नसते, सहकार कायद्याखाली असते. कर्ज घेताना पतसंस्थेने कापून घेतलेला शेअर बघून घाबरू नका.

कमिशन

आता आपल्या बीसी सखी ताईंकडे परत येऊ. धंद्याचा हिशेब सोपा व्हावा म्हणून कलम ४४एडी मध्ये एक सवलत आहे. वर्षाची विक्री २ कोटींच्या आत असेल (आपली असतेच!) तर बिलं-वह्या न दाखवता ठरावीक टक्के नफा धरायचा. रोखीने आलेल्या पैशांवर किमान ८ टक्के आणि बँकेतून, यूपीआयने किंवा खात्यावर आलेल्या पैशांवर किमान ६ टक्के. सुगम फॉर्म याच सवलतीवर उभा आहे.

पण ही सवलत कमिशन, दलाली आणि एजन्सीच्या कमाईला नाही. बीसी सखीचं कमिशन, विमा एजंटचं कमिशन, कुणी कंपनीचा माल कमिशनवर विकत असेल तर ते, या सगळ्यांना सुगम चालत नाही आणि सहज तर नाहीच. त्यांचा फॉर्म आयटीआर-३. ही गोष्ट ताईंना माहीत नव्हती, दुकानदाराला नव्हती, आणि मलाही नव्हती.

आयटीआर-३ लांबलचक आहे हे खरं, पण आपल्याला त्यातली थोडीच पानं लागतात. लहान धंद्याला कायद्याने हिशेबाची वही बंधनकारक नसते, आणि अशांसाठी त्यात चार आकड्यांची जागा आहे: एकूण जमा, ढोबळ नफा, खर्च, निव्वळ नफा. कमिशन मिळवायला जो खर्च झाला तो वजा होतो. ताईंचं नेट रिचार्ज, मशीनचा कागद, शाखेत जायचं एसटीचं भाडं, सगळं. म्हणून माझं बीसी सखींना एकच सांगणं आहे, साधी शंभर पानी वही करा आणि खर्च रोज लिहा. गटाची हिशेब वही आपण चोख ठेवतो, स्वतःची का नाही?

बाकीच्या अडवणाऱ्या गोष्टी पटकन सांगते. प्लॉट किंवा बिगरशेती जमीन विकली, सोनं विकलं आणि त्यात फायदा झाला, तर सहज-सुगम नाही. एकाहून जास्त घरं नावावर असली तरी नाही. उत्पन्न ५० लाखांच्या वर असलं तरी नाही, पण तो त्रास आपल्यापैकी कुणाला असेल तर मला आधी भेटा, माझंही काम आहे. म्युच्युअल फंडात एसआयपी करणाऱ्या काही जणी आता आहेत. शेअर बाजारातल्या फंडाचे वर्षाहून जुने युनिट विकून झालेला नफा सव्वा लाखापर्यंत असेल तर कर निर्धारण वर्ष २०२५-२६ पासून सहज आणि सुगममध्ये चालतो.

आकडा करून बघू

एक ताई दूध घालतात. डेअरीने वर्षात ३ लाख ६० हजार रुपये थेट खात्यावर जमा केले. ६ टक्के म्हणजे २१,६०० रुपये. कायद्याने एवढा नफा तरी दाखवायचा. पण हे किमान आहे. पेंड, चारा, औषधपाणी जाऊन प्रत्यक्षात ८० हजार सुटत असतील तर ८० हजार दाखवायचे. कर तर तसाही शून्यच आहे. आणि उद्या दोन म्हशींसाठी कर्ज मागायला गेल्यावर बँक मॅनेजर २१,६०० रुपये बघून काय म्हणेल, विचार करा. खरा आकडा इथे आपल्याच फायद्याचा आहे.

या ताईंकडे शेत नाही, उत्पादक कंपनीचा शेअर नाही. सुगम. पण शेजारणीचं दूधही तेवढंच, आणि तिच्या नावावर दीड एकर आहे, त्यात वर्षाला ४० हजार राहतात. सुगम अडला की तीन. हिशेब मात्र तोच, ६ आणि ८ टक्क्यांचा. आयटीआर-३ मध्येही ४४एडी चा नफा दाखवायला जागा आहे. फॉर्म बदलला म्हणून सवलत जात नाही.

आता तुम्ही सांगा. एका ताईंना नवऱ्याच्या मागे निवृत्तीवेतन मिळतं, पतसंस्थेत ठेव आहे, शेत मुलाच्या नावावर. (सहज.) त्याच ताई उत्पादक कंपनीच्या संचालक झाल्या तर? (दोन.) गणवेश शिवणाऱ्या ताई, भाड्याचं घर, बाकी काही नाही. (सुगम.) त्यांनी जोडीला विमा एजन्सी घेतली? (तीन.) बैठकीत आपापली उदाहरणं घालून बघा, तीन-चार झाली की आपोआप जमतं. सीआरपी, कृषी सखी, पशुसखी यांनी मानधन कुठे बसवायचं ते ठरवण्याआधी पुढचा भाग वाचा.

दुकानात जाण्याआधी दोन कागद

२६एएस आणि एआयएस. दोन्ही आयकर पोर्टलवर तुमच्या पॅनवर लॉगिन करून फुकट मिळतात. २६एएस मध्ये कुणी तुमचा टीडीएस कापला, किती, आणि कुठल्या कलमाखाली, ते असतं. या कलमावरून फॉर्मचा अंदाज लागतो. १९२ म्हणजे पगार. १९४ए म्हणजे व्याज. १९४सी म्हणजे कंत्राटी काम, १९४जे म्हणजे व्यावसायिक सेवा. १९४डी म्हणजे विमा कमिशन, १९४एच म्हणजे इतर कमिशन. ताईंच्या २६एएसवर १९४एच असं स्पष्ट छापलेलं होतं. दुकानदाराने तो कागद उघडला असता तर सहज भरलाच नसता. मानधन देणाऱ्या कार्यालयाने काय लावलंय तेही इथेच दिसेल, आणि ते चुकीचं वाटलं तर त्या कार्यालयाशी रिटर्न भरण्याआधी बोलायचं.

एआयएस म्हणजे तुमच्या पॅनवर सरकारला काय काय माहीत आहे त्याची लांब यादी. बँकेचं व्याज, खरेदी-विक्री, फंड. यात एक आपल्याच बाजूची भानगड सापडते. काही जुन्या गटांची खाती उघडताना अध्यक्ष किंवा सचिव ताईंचा वैयक्तिक पॅन लावला गेला आहे. मग गटाच्या खात्याचं व्याज त्या ताईंच्या एआयएसवर दिसतं. तसं दिसलं तर तिथेच "ही माहिती माझी नाही" असा अभिप्राय नोंदवता येतो, आणि बँकेत गटाचा पॅन लावून घ्यायला अर्ज द्या. दर वर्षी तेच दुखणं नको.

पॅन आधारशी जोडलेला नसेल तर तो निष्क्रिय असतो आणि टीडीएस २० टक्के कापला जाऊ शकतो. जोडायला आता हजार रुपये दंड भरावा लागतो. कमिशनवाल्या ताईंनी हे आधी तपासा.

पोर्टलवर रिटर्न सुरू करताना फॉर्म निवडायच्या पानावर "कुठला फॉर्म ते ठरवायला मदत करा" असा पर्याय इंग्रजीत असतो. तो प्रश्न विचारत जातो आणि फॉर्म सुचवतो. वापरायला हरकत नाही, पण शेअर आणि शेतीबद्दल खरं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

लाडकी बहीण बंद होईल का?

प्रत्येक बैठकीत हा प्रश्न येतोच, म्हणून टाळत नाही. लाडकी बहीण योजनेच्या अटींमध्ये कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावं आणि कुटुंबातलं कुणी आयकरदाता नसावं, असं आहे. पीएम किसानमध्ये ज्यांनी मागच्या कर निर्धारण वर्षात आयकर भरला ते बाहेर आहेत. रिटर्न भरणं आणि कर भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य कराचं रिटर्न भरून तुम्ही कर भरलेला नसतो.

खरा धोका दुसरीकडे आहे. कर्ज लवकर मिळावं म्हणून काही ठिकाणी रिटर्नमध्ये उत्पन्न फुगवून दाखवतात. "ताई, ४ लाख ९० हजार टाकतो, कर काही लागत नाही, बँक खूश." कर लागत नाही हे खरं. पण अडीच लाखांची अट तुम्ही तुमच्याच ओटीपीने मोडलीत. सरकारी कागदावर तुम्ही स्वतः सांगितलंत की माझं उत्पन्न एवढं आहे. शिवाय त्या आकड्यावर मिळालेल्या कर्जाचा हप्ता ८० हजारांच्या खऱ्या कमाईतून फेडायचाय. घरचं उत्पन्न खरंच अडीच लाखांच्या वर असेल तर ते लपवायला मी मदत करणार नाही, पण नसलेलं उत्पन्न लिहून घेऊ नका.

भरताना आणि भरल्यावर

आर्थिक वर्ष २०२४-२५ साठी, ज्यांच्या हिशेबाला ऑडिट लागत नाही त्यांची मुदत ३१ जुलैवरून वाढवून आधी १५ आणि मग १६ सप्टेंबर २०२५ केली होती. त्यानंतर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत उशिराचं रिटर्न भरता येत होतं. एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असेल तर उशिराचा दंड नाही, ५ लाखांपर्यंत हजार रुपये, त्यापुढे ५ हजार. चुकीचा फॉर्म भरला गेला हे कळलं तर त्याच ३१ डिसेंबरपर्यंत सुधारित रिटर्न भरता येत होतं.  पावती काढा, वरच्या कोपऱ्यात कुठला आयटीआर लिहिलाय ते बघा.

पोर्टलवर मोबाईल आणि ईमेल तुमचाच हवा. ईमेल नसेल तर मुलीचा, भाच्याचा, घरातल्या कुणाचाही चालेल, दुकानदाराचा नको. रिफंडचं खातं तुमच्या एकटीच्या नावाचं, पॅनवरच्या नावाशी जुळणारं आणि पोर्टलवर पडताळलेलं असावं. गटाचं खातं देऊ नका. ओटीपी सांगण्याआधी स्क्रीन स्वतःकडे फिरवून घ्या आणि तीन गोष्टी वाचा: फॉर्मचा नंबर, उत्पन्नाचा आकडा, रिफंडचा आकडा. वाचता येत नसेल तर गटातल्या वाचणाऱ्या मैत्रिणीला बरोबर न्या. रिटर्न पाठवल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने पडताळणी झाली नाही तर ते भरलंच नाही असं धरतात. पासवर्ड वहीत लिहून घरी आणा. पैसे दिले म्हणजे पावतीची छापील प्रत, पासवर्ड आणि भरलेल्या फॉर्मची प्रत मागायचा तुमचा हक्क आहे.

आयटीआर-३ ज्यांना लागतो त्यांनी शक्यतो कर सल्लागाराकडूनच भरून घ्यावा. मला फॉर्म ओळखता येतो, प्रत्येक रकाना भरता येतो असं मी म्हणणार नाही.

बीसी सखी ताईंचं यंदाचं रिटर्न आयटीआर-३ मध्ये भरून झालं. २०२४-२५ मध्ये त्यांचं कमिशन १ लाख २० हजार होतं. टीडीएसचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्के झाला, त्यामुळे कापले गेले ४,२०० रुपये, ते परत मागितले आहेत. ओटीपी त्यांच्याच फोनवर आला, त्यांनी आधी स्क्रीन वाचली, मग सांगितला. मागच्या वर्षीच्या ४,८०० रुपयांसाठी सुधारित रिटर्नची मुदत केव्हाच संपली होती. पण रिफंडसाठी झालेला उशीर माफ करा असा अर्ज कलम ११९(२)(बी) खाली करता येतो. ते कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत तो द्यावा लागतो. सल्लागाराकडून तो पोर्टलवर टाकून घेतला आहे. अजून उत्तर आलेलं नाही. अर्जाचा नंबर ताईंनी मशीनच्या पिशवीतल्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलाय, आणि दर सोमवारी मला विचारतात.